कपाशीतली तूर आणि लेवीयचा एकोणिसावा अध्याय

यवतमाळ जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यांच्या घरी पाच एकर कोरडवाहू शेती असून कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची दोन तासे (ओळी), अशी सासऱ्यांच्या वेळेपासूनची पेरणी आहे. चोवीस वर्षांचा थोरला मुलगा गेल्या वर्षी एका पवित्रशास्त्र-प्रशिक्षणाला जाऊन आला आणि तेव्हापासून तो जुना करार वहीत टिपणे काढत वाचतो. एका शेतात दोन जातींचे बी पेरू नये असे जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात (१९:१९) लिहिले असल्याने आपली पेरणीच आज्ञाभंगाची आहे, त्याच वचनाने टेरिकॉटचे कपडेही निषिद्ध आहेत, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) शनिवारीच पाळला पाहिजे, आणि यंदा पडलेली बोंडअळी ही अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायातल्या शापाची खूण आहे, असे त्याचे म्हणणे आहे. शनिवारी तो शेतात जात नाही. शेंगांवर आलेली तूर उपटून टाकण्याची भाषा त्याने केली, तेव्हा वडिलांनी ‘आपल्या बापाचा मान राख’ ही आज्ञा त्याला ऐकवली, आणि पंधरा दिवसांपासून बापलेकांचे बोलणे बंद आहे. भगिनी लिहितात, ‘‘मला दोघांचेही खरे वाटते आणि दोघांचीही भीती वाटते.’’ देवाच्या आज्ञा पाळायच्या म्हणजे नेमक्या कोणत्या पाळायच्या, आणि त्या न पाळल्याची शिक्षा म्हणून देव पीक बुडवतो का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. शेवटच्या पानावर, व्यापाऱ्याचे पैसे अडकल्याचे सांगताना, वेचणीच्या बायांची तीन आठवड्यांची मजुरी द्यायची राहिली आहे आणि त्या गावच्याच असल्याने काही बोलत नाहीत, असेही त्यांनी ओघात लिहिले आहे.

ताई, सप्रेम सलाम.

तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण तुमच्या पत्रातली खरी भीती त्या प्रश्नात आहे. अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय मीही एकदा तुमच्या मुलासारखाच वापरला आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, पावसाने लागोपाठ दोन वर्षे दगा दिला होता तेव्हा, वऱ्हाडातल्या एका खेड्यातील लहानशा मंडळीत मी त्या अध्यायावर संदेश दिला आणि आपण आज्ञा मोडल्या म्हणूनच डोक्यावरचे आकाश पितळेचे झाले आहे, असे ठासून सांगितले. उपासना संपल्यावर एक शेतकरी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आदल्या ज्येष्ठात वीज पडून त्याची बैलजोडी मेली होती. ते मला ठाऊक होते, पण बोलण्याच्या भरात त्याची आठवण मला राहिली नव्हती. तो रागावलेला नव्हता. हात जोडून त्याने एवढेच विचारले, ‘‘कोन्ती आज्ञा मोडली म्या, तेवढं सांगा मले. आजपासून पाळतो.’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण प्रार्थना करू, असे काहीतरी म्हणून मी त्याची बोळवण केली. आज्ञा पाळायला त्याच्याइतका तयार असलेला माणूस त्या दिवशी तिथे दुसरा कोणी नव्हता, आणि त्याच्याच पदरात मी नाव नसलेला एक अपराध टाकून त्याला घरी पाठवले. त्यानंतर मी तो अध्याय कोणाच्या शेताकडे बोट दाखवून वाचलेला नाही.

अध्याय खोटा आहे असे मी म्हणत नाही. यार्देन नदीच्या अलीकडे, मवाबाच्या रानात, वतनाच्या देशात शिरण्यापूर्वी मोशेने करार झालेल्या एका संपूर्ण राष्ट्राला सांगितलेले ते वचन आहे. शेतात बी पुष्कळ टाकशील पण हाती थोडे येईल, कारण टोळ ते खाऊन टाकतील, असे त्यात अडतिसाव्या ओवीत आहे, आणि पुढच्या ओवीत द्राक्षांच्या मळ्याला लागणाऱ्या किडीचाही उल्लेख आहे. तुमच्या मुलाने ते नीट वाचले आहे. मात्र आज्ञाभंगातून राष्ट्रावर संकट येते एवढे सांगणारे वचन उलटे फिरवून, ज्याच्यावर संकट आले त्याने आज्ञा मोडलीच असली पाहिजे, असा निकाल त्यातून काढता येत नाही. हा उलटा निकाल, निर्दोष असूनही संकटात पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी काढला होता, आणि त्या ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो व ते आपल्याविषयी यथार्थ बोलले नाहीत असे सांगतो. यिर्मया संदेष्टा तर देवालाच विचारतो की दुष्टांचे चांगले का चालते. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशूने लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात बजावले, आणि जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे’ असे विचारले, तेव्हा त्याने दोघांचेही नाही असे उत्तर दिले.

बोंडअळीची कारणे शेतीतच आहेत आणि ती कळलेलीही आहेत. बीटी कपाशीला, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार होईल अशा कपाशीला, आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. पुढे तिच्यातल्या विषाला गुलाबी बोंडअळी सरावत गेली. पाकिटासोबत तेव्हा मिळणारे बिगर-बीटी सरकीचे लहान पाकीट शेताच्या कडेने लावायचे असे, म्हणजे न सरावलेल्या अळ्याही शिल्लक राहत, पण ते बहुतेक ठिकाणी लावलेच गेले नाही. शिवाय पाणी असणाऱ्यांनी फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर पाणी देऊन त्याच झाडांचे पुन्हा पीक, घेऊन पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी ठेवली, त्यामुळे अळीला खायला मिळत राहिले आणि ती पुढच्या हंगामापर्यंत टिकली. २०१७ च्या हंगामात विदर्भभर बोंडे पोखरली गेली, तेव्हा अळीने धुरा (शेताचा बांध) ओलांडताना मालक कोणत्या देवाचे नाव घेतो हे पाहिले नाही. तुमच्या मुलाला या बाबतीत आज्ञा पाळायचीच असेल, तर निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा अगदी बेताची आहे: आपल्या हातून पेटलेली आग दुसऱ्याच्या उभ्या पिकात गेली, तर ज्याने ती पेटवली त्याने नुकसान भरून द्यावे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून टाकणे, फरदड न ठेवणे आणि किडक्या बोंडांसकट पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर रचून न ठेवणे, हे मला त्या आज्ञेचे आपल्या काळ्या मातीतले पालन वाटते.

आता पहिला प्रश्न. सीनाय पर्वतावर दिलेल्या दहा आज्ञा आपण पाठ करतो तेव्हा ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ इथून सुरुवात करतो आणि त्याच्या आधीचे वाक्य सोडून देतो. त्या वाक्यात देव सांगतो की ज्याने तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो परमेश्वर मी आहे. सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर आली. आज्ञा पाळाल तर मिसरातून सोडवीन, असा सौदा देवाने केला नव्हता. सुटका का झाली याचे कारण निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे: वेठबिगारीखाली कण्हणाऱ्या लोकांचे कण्हणे देवाने ऐकले.

हे ‘ऐकले’ क्रियापद मला तुमच्यापुढे नीट ठेवायचे आहे, कारण तुमच्या साऱ्या पत्राचे उत्तर मला त्यात दिसते. इब्री भाषेत ते ‘शामा’ असे आहे. मराठी शास्त्रात आपण ‘आज्ञा मानणे’ किंवा ‘आज्ञापालन’ असे वाचतो, तिथे मुळात बहुतेक वेळा हेच क्रियापद असते. ‘‘हे इस्राएला, ऐक’’ हे अनुवादाच्या सहाव्या अध्यायातले वचन यहुदी माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो. शौल राजाला शमुवेल संदेष्ट्याने यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे असे सुनावले, तिथेही शब्दशः ‘ऐकणे बरे’ असेच आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘पोरगं ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडले आहेत असे कोणी समजत नाही. आपल्याच भाषेचे यहुदी, कोकणातले बेने इस्राएल, शेकडो वर्षे इतर यहुद्यांपासून तुटून राहिले, आणि त्यांच्या परंपरेनुसार त्या काळात इब्री प्रार्थनांपैकी त्यांना एकच आठवत राहिली होती, ती म्हणजे हे ‘शमा’, हे ‘ऐक’. ‘पाळणे’ यासाठीचे दुसरे क्रियापद ‘शामार’ हे राखण करण्याचे आहे. एदेन बागेची राखण करण्यासाठी आदामाला ठेवले, तिथे तेच आहे. रात्री जागलीवर बसून रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या तुमच्या यजमानांना त्याचा अर्थ माझ्यापेक्षा अधिक चांगला कळेल.

तेव्हा ज्या देवाने दासांचे कण्हणे ऐकले तोच सुटलेल्या दासांना ‘आता तुम्ही ऐका’ असे म्हणतो. आज्ञा पाळणे म्हणजे त्याचे ऐकणे, आणि त्याचे ऐकणे म्हणजे तो ज्यांचे ऐकतो त्यांचेही ऐकणे, असे मी इतक्या वर्षांच्या वाचनानंतर मानतो. यहुदी रब्बींनी नियमशास्त्रातल्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, आज्ञांची संख्या ६१३ सांगितली आहे, २४८ करण्याच्या आणि ३६५ न करण्याच्या. त्यांतल्या पुष्कळ मंदिर, याजक आणि यज्ञ यांच्याशी बांधलेल्या असल्याने इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यापासून खुद्द यहुद्यांनाही पाळता येत नाहीत.

दोन जातींच्या बियांची आज्ञा मी टाळणार नाही. तिचा अर्थ यहुद्यांनी फार बारकाईने लावला आहे, इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये ‘किलायिम’ नावाचे एक संपूर्ण प्रकरण केवळ अशा मिश्रणांवर आहे, आणि कोणते पीक कोणत्या पिकापासून किती अंतरावर लावले म्हणजे ते मिसळले असे धरायचे नाही, याची मापे त्यात दिलेली आहेत. पुढे यहुदी धर्मशास्त्राने असेही ठरवले की धान्याच्या बियांविषयीचा हा नियम इस्राएल देशाच्या भूमीपुरता आहे आणि त्या देशाबाहेरच्या शेताला तो लागू नाही. म्हणजे ज्यांना ही आज्ञा मुळात दिली गेली आणि जे आजही ती मानतात, तेही यवतमाळच्या शेतात कपाशीजवळ तूर लावणाऱ्याला दोषी धरणार नाहीत. टेरिकॉटचे तर अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायानेच उत्तर दिले आहे: निषिद्ध मिश्रण लोकर आणि जवसाच्या झाडापासून काढलेले सूत यांचे आहे. (आपल्याकडे जवस तेलासाठी आणि चटणीसाठी लावतात, तिकडे त्याच्या खोडाचे वस्त्र होत असे.) आणखी एक नवल असे की, यहुदी परंपरेनुसार महायाजकाच्या एफोदात, म्हणजे उपासनेच्या वेळी घालायच्या वस्त्रात, हेच दोन धागे एकत्र विणलेले असत, त्यामुळे ते मिश्रण अमंगळ म्हणून नव्हे, तर पवित्र स्थानासाठी राखलेले म्हणून इतरांना वर्ज्य होते, असे काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटते.

ख्रिस्ती माणसापुढे याच्याही आधीचा प्रश्न असतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात, इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात भरलेल्या सभेची हकिकत आहे. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचे संपूर्ण नियमशास्त्र पाळावे की नाही, या वादात पेत्राने विचारले की जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहता आले नाही ते यांच्या मानेवर का ठेवायचे. आणि सभेने मूर्तींचा नैवेद्य, जारकर्म, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि रक्त यांपासून दूर राहण्यापलीकडे दुसरे ओझे घातले नाही. तुम्ही आणि मी त्या सभेच्या निर्णयामुळे ख्रिस्ताच्या मंडळीत आहोत. नियमशास्त्राचे नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे तीन भाग करून पहिला तेवढा आपल्याला लागू आहे, असे आपल्या मंडळ्यांत शिकवतात. ही वाटणी उपयोगी आहे, पण ती मजकुरात लिहिलेली नाही, हे तुमच्या मुलाच्या लक्षात आले असेल तर तो बरोबर आहे. ‘आपल्यासारखी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा लेवीयच्या त्याच एकोणिसाव्या अध्यायात अठराव्या ओवीत आहे आणि दोन बियांची आज्ञा लगेच पुढच्या ओवीत आहे. मधे धुरा नाही. तरीही सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारल्यावर येशूने एक वचन अनुवादाच्या सहाव्या अध्यायातून आणि दुसरे याच अठराव्या ओवीतून उचलले, आणि सगळे नियमशास्त्र व संदेष्टे यांवर टांगलेले आहेत असे सांगितले. ज्याने आपल्याला सोडवले त्याने अठरावी ओवी हातात देऊन एकोणिसावी वाचायला शिकवली आहे.

म्हणून मुलाने हा अध्याय पहिल्या ओवीपासून सदतिसाव्या ओवीपर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचावा, आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकावा, अशी माझी विनंती आहे. त्यात तुमच्या घरातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आहे. तिसऱ्या ओवीत आईबापांचे भय धरण्याची आज्ञा आहे आणि मूळ इब्रीत तिथे आईचे नाव बापाच्या आधी आहे. नवव्या-दहाव्या ओवीत पीक कापताना शेताचा कोनाकोपरा झाडून कापू नये आणि सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेले) वेचू नये, तो गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा, असे आहे. याच सरव्यावर मवाबी रूथ आणि तिची सासू जगल्या. आपल्याकडे उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाल्यावर राहिलेली बोंडे कोणीही वेचली तरी जुनी माणसे हटकत नसत, हे तुम्ही लहानपणी पाहिले असेल. पस्तिसाव्या-छत्तिसाव्या ओवीत खरा काटा आणि खरी मापे आहेत. आणि तेराव्या ओवीत असे आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत, तुझ्याजवळ राहू नये.

ताई, तुमच्या घरात मोडली जात असलेली आज्ञा ही आहे. हे लिहिताना मला जड जाते, कारण व्यापाऱ्याने तुम्हालाही अडकवले आहे आणि किराण्याच्या उधारीचे तुम्ही जे लिहिले आहे ते मी वाचले आहे. पण तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळ सांगतो. अनुवादाचा चोविसावा अध्याय म्हणतो की मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. नाहीतर तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे गाऱ्हाणे करील आणि ते तुझ्या माथी पाप होईल. मालकाचे येणे अडकले असेल तर थांबावे, अशी सवलत त्या वचनात नाही. नव्या कराराने ही आज्ञा सैल केली नाही, उलट याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ज्यांनी शेते कापली त्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि कापणाऱ्यांचे रडणे सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचले आहे असे लिहिले आहे. पुन्हा तेच कान आहेत, मिसरातले कण्हणे ऐकणारे. तुम्ही लिहिता की बाया गावच्याच आहेत आणि काही बोलत नाहीत. पुढच्या वेचणीला तुम्ही बोलवाल की नाही या धास्तीने माणूस गप्प राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीही व्यापाऱ्यापुढे अशाच गप्प आहात. शेतातली तूर राहिली काय आणि उपटली काय, त्या बायांच्या घरी या आठवड्यात मीठ-तेल येण्याशी तिचा संबंध नाही.

घरात साठवलेला कापूस असेल तर आजच्या भावाने एखादे क्विंटल विकून टाका, भाव वाढण्याची वाट बायांच्या पैशावर पाहू नका. तेवढे जमत नसेल तर जितके हातात आहे तितके प्रत्येकीच्या दारी जाऊन द्या, बाकीची तारीख सांगा आणि उशीर झाल्याबद्दल तोंडाने माफी मागा. वेचणीची वही मुलाकडे सोपवा. रोज संध्याकाळी काट्यावर कापूस त्याने मोजावा, आकडा बाईला वाचून दाखवावा, आणि गाठोड्याच्या कापडाचे म्हणून अंदाजाने जे वजन वजा केले जाते ते कापड वेगळे तोलून मगच वजा करावे. त्याची आज्ञा पाळण्याची ओढ खरी आहे, आणि तिला काम मिळाले नाही तर ती घरातल्यांचे दोष शोधण्यात जाईल. तरुणपणी माझी गेली.

शनिवारच्या बाबतीत त्याचे एक म्हणणे खरे आहे: शास्त्रातला शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचाच आहे. घाण्याचा धंदा करणारे बेने इस्राएल त्या दिवशी घाणा बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. ख्रिस्ती मंडळी प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस म्हणून रविवारी जमते, आणि कोणी एक दिवस विशेष मानतो तर कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. तेव्हा त्याला शनिवार पाळायचा असेल तर पाळू द्या. मात्र आज्ञा पुरी वाचायला सांगा. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि तुझ्या वेशीच्या आतला परका यांची नावे एकेक करून घेते आणि कारण देते की तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. तो घरात वही घेऊन बसतो आणि त्या दिवशी त्याची आई डोक्यावर गाठोडे घेऊन शेतातून येते, हा शब्बाथ नाही. त्याने शनिवारी विसावा घ्यायचा तर तुमचा, बायांचा आणि बैलांचाही विसावा त्याने आठवड्याच्या इतर दिवसांत जास्तीचे काम करून कमवावा.

वडिलांविषयी थोडेच लिहितो. मानाची आज्ञा खरी आहे, पण ती प्रौढ मुलाचे तोंड बंद करण्यासाठी दिलेली नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू तिचा अर्थ म्हाताऱ्या आईबापांना पोसणे असा लावतो आणि देवाला वाहिले म्हणून त्यांना न देणाऱ्यांना दोष देतो. यजमानांना माझा सलाम सांगून म्हणा की मुलगा शास्त्र वाचतो हे घराचे भाग्य आहे, आणि त्याच्याशी आधी तुम्ही बोला, कारण मोठ्याने आधी बोलल्याने मान कमी होत नाही. मुलाला म्हणा की जमीन आणि पीक अजून वडिलांचे आहे, उभे पीक न विचारता उपटणे याला कोणत्याही अध्यायाचा आधार नाही, आणि पुढच्या मृगात त्याला मन खात असेल तर एक एकर त्याच्या पद्धतीने सलग पेरायला मागून घ्यावा. वडिलांनी तो द्यावा. एक एकर एकट्या तुरीचा किंवा एकट्या कपाशीचा झाला तर घर बुडत नाही. दोन्ही का लावतात, म्हणजे तुरीची मुळे खोल जातात, ती जमिनीला नत्र देते आणि कपाशी हातची गेली तर तूर वर्ष काढून देते, हे त्याला त्याच एकरातून कळेल, आणि न कळले तरी त्याची सद्सद्विवेकबुद्धी शाबूत राहील.

या शनिवारी सूर्य मावळण्यापूर्वी बायांचे पैसे, जमतील तितके, त्यांच्या घरी पोहोचवा आणि त्या वेळी मुलाला सोबत न्या. पैसे त्याच्या हातून देऊ द्या. तूर तोपर्यंत उभी असू द्या. शेंगा वाळून कापणीला आल्या की रस्त्याकडच्या धुऱ्याजवळची शेवटची दोन तासे कापू नका. ती कोणासाठी ठेवायची आणि त्यांना कसे सांगायचे, हे ठरवण्याचे काम त्याच्याकडे द्या.